साठ-सत्तर किलोमीटरचं सामान

कासूहून लोणेरे रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर. दोन्ही गावं रायगड जिल्ह्यातली आणि एकाच महामार्गाच्या आधाराने राहणारी. नागोठणं, सुकेळीची खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव, की आलंच लोणेरे. कुठे वळायचं कारण नाही, रस्ता विचारायचं कारण नाही. एवढ्या अंतरासाठी माझ्या बहिणीच्या घरातून जे सामान बाहेर पडलं, त्यात एखाद्या नव्या जोडप्याने पनवेलला बिऱ्हाड थाटलं असतं आणि वर चार भांडी शेजारणीला वापरायला दिली असती.

निमित्त भाचीचं. तिला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश मिळाला. आता कुणी म्हणेल, साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे रोज जाऊन-येऊन करता येईल. असं म्हणणारा माणूस आमच्या महामार्गावरून गेलेला नाही. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, तेव्हा भाची अंगणवाडीत बडबडगीतं म्हणत होती. नंतर तिची दहावी झाली, बारावी झाली, सीईटी झाली. रस्ता तिच्याहून मागे पडला. त्यामुळे आमच्याकडे अंतर किलोमीटरात सांगत नाहीत, ‘सकाळी निघालं तर’ आणि ‘दुपारी निघालं तर’ असं सांगतात. हॉस्टेल घ्यायचं ठरलं, ते असं.

ठरल्या दिवसापासून ओटीवर सामान साठायला लागलं. मी मामा, म्हणजे हक्काचा हमाल, म्हणून मला लवकरच बोलावणं आलं. लग्नात मामाने मुलीला धरून बोहल्यावर आणायचं, आणि शिक्षणाला निघाली की तिची वळकटी उचलायची, अशी वाटणी आमच्या घरात कुणी न सांगता झालेली आहे. मी जाऊन पाहिलं तर भाची स्वतः पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती आणि घरातली बाकी सगळी माणसं तिची बॅग भरत होती. तिचं म्हणून जे सामान होतं (मोबाइल, चार्जर, कानात घालायचं ते यंत्र) ते तिच्या ओढणीच्या गाठीत मावलं असतं. उरलेलं सगळं तिला पाठवणाऱ्यांचं होतं.

आणि त्यात प्रत्येकाचं बाहेरच्या जगाबद्दलचं मत होतं. भावोजींच्या मते बाहेरच्या जगात वीज नसते, म्हणून टॉर्च, दुसरी टॉर्च, मेणबत्त्या आणि काडेपेटी. ताईच्या मते तिथे माणसं सारखी आजारी पडतात, म्हणून सुंठ, हळद, बाम, ओवा, कसल्याशा काढ्याचा पुडा आणि थर्मामीटर. शेजारच्या काकूंच्या मते चोरांखेरीज तिथे कुणी राहतच नाही, म्हणून त्यांनी आणलं ते कुलूप पेणच्या तहसील कचेरीच्या दाराला शोभलं असतं. आजीचं, म्हणजे ताईच्या सासूबाईंचं मत सर्वांत सविस्तर होतं. त्यांनी दहा किलो तांदूळ काढून ठेवला होता.

“आये, हॉस्टेलला मेस असते. शिजवून देतात,” मी म्हणालो.

“तिकरं तांदूल मिलतो का?” आजींनी विचारलं.

मी सांगितलं की लोणेऱ्याच्या चहूबाजूंनी भातशेतीच आहे, माणगाव-महाडकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भातच खातात. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“तिकरचा तांदूल तो तिकरचा,” त्या म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधायला घेतलं.

या घरावर हसणं सोपं आहे, पण हसण्याआधी आगोट म्हणजे काय ते ध्यानात घ्यायला हवं. अंबा नदीच्या खालच्या अंगाची ही खारपट्ट्यातली गावं. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे भात. पूर्वी मृग लागला की गावं तुटायची. वाटा चिखलात जायच्या, बाजार लांबचा, पाऊस थांबायचं नाव नाही. म्हणून मे महिन्यात घर चार महिन्यांचं भरून ठेवायचं. त्याला म्हणायचं आगोट भरणं. लाकडं पडवीत, कांद्याच्या माळा आढ्याला, कडवे वाल मातीत घोळून, पापड-कुरडया-मिरगुंडं डब्यात, आणि सगळ्यात वर मान सुक्या मासळीचा. आजही 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत घराची लाज सुकट, जवळा, बोंबील आणि सोडेच राखतात. आता पेण जवळ आलं, गावात दुकानं झाली, मोबाइलवरून साबण मागवता येतो. पण मे महिना लागला की आजींचे हात आपोआप डब्यांकडे जातात. गरज गेली तरी सवय पेन्शन घेऊन घरातच राहते.

हे हिशेबात घेतलं की ओटीवरच्या ढिगाचा अर्थ लागतो. घराने आयुष्यभर एकच प्रकारचं सामान भरलेलं आहे: आता चार महिने कुणाचं कुणाकडे जाणं-येणं नाही, अशा काळाचं. विद्यापीठाचं सत्रही साधारण तेवढंच. तेव्हा पोरीची बॅग म्हणून जे चाललं होतं ती खरं तर आगोट होती. फरक इतकाच की आगोटीचं सामान घरात येतं आणि माणसं आत बसतात. इथे सामान आणि माणूस दोन्ही बाहेर चालले होते. त्या उलट्या हिशेबाने सगळ्यांचाच गोंधळ उडाला होता आणि गोंधळ उडाला की आमच्याकडे आणखी एक डबा भरतात.

सुक्या मासळीचा प्रश्न मात्र नुसत्या प्रेमाने सुटणारा नव्हता. तिचा वास हा स्वतंत्र प्रवासी असतो. त्याला तिकीट लागत नाही आणि तो आपल्या आधी पोचतो. सोड्यांची आणि सुकटीची कोरडी चटणी करायची, ती तेलावर खरपूस परतायची, इथपर्यंत एकमत होतं. पुढे बांधणीत मतभेद. ताईने चटणी बरणीत भरली, बरणीला फडकं, फडक्यावर प्लास्टिकची पिशवी, ती पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी, आणि मग सगळं दुसऱ्या पिशवीत. “खोलीत दुसऱ्या दोघी कोण असतील कोण जाणे. माळकरी असल्या तर?” ताई म्हणाली. हा विचार घरात पहिल्यांदाच शिरला. तोवर बाहेरच्या जगात काय नसेल याची यादी चालली होती. तिथे कोण असेल याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. थोडा वेळ सगळे गप्प बसले. मग आजींनी तोड काढली: माळकरी असल्या तर त्यांच्यासाठी पापड. पोह्याचे, पेणचे. पापडाला कुठल्याच पंथाची हरकत नाही. पापडाचा डबा वेगळा निघाला.

एवढं सामान भरायचं कसं, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या तालुक्यात पडला असता. पेण तालुक्यात नाही. भावोजी पेणजवळच्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात. आमच्याकडच्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात तशा बोटीने अमेरिकेलाही जातात, आणि बोटीला वेळ लागतो म्हणून बाप्पाला परदेशी पाठवायची बांधाबांध उन्हाळ्यात किंवा त्याच्याही आधी होते. सोंडेला टेकू, हाताच्या मागे पेंढा, कान वाचवायचे, मुकुटावर भार येऊ द्यायचा नाही, हलवून पाहायचं, आत काही बोललं नाही तरच खोकं बंद. चिखलाच्या नाजूक वस्तू साता समुद्रापार पाठवून त्यांच्या बोटालाही धक्का न लागू देणारी माणसं ही. त्यांना बॅग कशी भरावी हे कुणी शिकवू नये.

भावोजींनी शिकवून घेतलंही नाही. ताईने इस्त्री करून ठेवलेले कपडे त्यांनी पेंढ्यासारखे वापरले. कुर्ता बरणीभोवती, ओढणी आरशामागे, मोजे कपात. टॉवेलाचा टेकू लोणच्याला. प्रत्येक पेटी हलवून कान लावून ऐकली. शेवटी जाड पेनाने बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहिलं, ते भाचीच्या नव्या सॅकवरही लिहिणार होते, पण ती पायरीवरून उठून आली. त्या दिवसात तिने सामानाबाबत घेतलेला तो पहिला निर्णय. दुसरा तिने कपडे पाहिल्यावर घेतला आणि तो मोठ्या आवाजात होता.

एका गोष्टीला मात्र कुणीच हसत नव्हतं. ती म्हणजे फाइल. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या झेरॉक्सचे संच. झेरॉक्स हरवल्या तर म्हणून आणखी संच. आणि पासपोर्ट आकाराचे इतके फोटो की भाची हरवली असती तर अख्ख्या कोकणात लावता आले असते. फाइल बॅगेत ठेवायची नाही, गाडीत मांडीवर घ्यायची, असं ठरलं. सेतू केंद्राच्या रांगेत ज्याने दिवस काढले त्याला तिचं मोल कळतं.

आमच्या पेण तालुक्याने फाइलीबाबत दुसरं टोकही पाहिलेलं आहे. विनोबा भावे इथलेच, गागोद्याचे. 1895 सालचा जन्म. पुढे घर बडोद्याला गेलं. 1916 साली इंटरच्या परीक्षेला म्हणून ते मुंबईला निघाले, मधेच सुरतेला उतरले आणि परीक्षेला पाठ फिरवून काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपले सगळे दाखले घरच्या चुलीत घातले होते. आई म्हणाली, राहू देत, कधी लागतील. त्यांनी ऐकलं नाही. मी ही गोष्ट ओटीवर सांगितली तेव्हा भावोजींचा चेहरा उतरला. ते आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “झेरॉक्स काढून ठेवल्या असतील.”

दाखल्यांची कड घेणाऱ्यांसाठीही गोष्ट आहे. महर्षी कर्वे मुरूडचे, दापोलीकडच्या. 1875 साली परीक्षेला बसायला ते सोबत्यांबरोबर कोकणातून निघून घाट चढून पायी साताऱ्याला गेले. दिवस पावसाळ्याचे, सामान पाठीवर. पोचले, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी पोराकडे पाहून निकाल दिला की हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. दाखवली परतीची वाट. ही गोष्ट ऐकल्यावर भावोजींनी जन्मदाखल्याची आणखी एक प्रत फाइलीत घातली. माझ्या गोष्टींचा त्या घरात उपयोग एवढाच.

पुस्तकं किती न्यायची यावर फार चर्चा झाली नाही, कारण पुस्तकं जवळपास नव्हतीच. तिचा अभ्यास त्या मोबाइलमध्ये कुठेतरी आहे म्हणतात. मला ते थोडं टोचलं, आणि टोचण्याचं कारण विद्यापीठाच्या नावात होतं. बाबासाहेब 1917 साली लंडनहून परतले तेव्हा त्यांचं खरं सामान म्हणजे पुस्तकं. पहिलं महायुद्ध चाललेलं. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती आणि ती बोट पाणतीराने बुडवली. माणूस सुखरूप घरी आला, सामान समुद्राच्या तळाशी. त्या सामानाच्या भरपाईचे काही पैसे मिळाले, आणि त्या पैशांवर त्यांनी बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचा प्रवास केला. पुस्तकं गेल्याचे पैसे घेऊन गाडीत बसणाऱ्या त्या माणसाचा विचार केला की सामान या गोष्टीकडे नीट पाहावंसं वाटतं. मी हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “मामा, तेव्हा बॅकअप नसायचा ना.” मग जरा थांबून तिने विचारलं, “मग ती पुस्तकं त्यांनी परत घेतली का?” मी म्हटलं, पुढे मुंबईत दादरला त्यांनी राजगृह बांधलं, त्यात हजारो पुस्तकं होती. तिने मान हलवली आणि कोपऱ्यातलं गणिताचं जाडं पुस्तक उचलून सॅकमध्ये टाकलं. ते बाबासाहेबांमुळे की सॅकवर बाण काढायला जागा उरू नये म्हणून, हे मी विचारलं नाही.

सामान न्यायचं कसं, तर मी गाडी सुचवली. कासूला रेल्वे स्टेशन आहे. पेण आणि नागोठण्याच्या मधलं, दिवा-रोहा गाड्या थांबतात. रोह्याला उतरायचं, पुढची गाडी धरायची आणि गोरेगाव रोडला उतरायचं. हे गोरेगाव आमचं, मुंबईचं नव्हे. त्यासाठीच तर शेपटीला ‘रोड’ लावलाय. पण कासूला गाडी मिनिटभर टेकते न टेकते. भावोजींनी ओटीवरचे नग मोजले, चढवणारे हात मोजले आणि मनात भागाकार केला. मिनिटभरात एकतर सामान चढलं असतं किंवा मुलगी. शेवटी इको ठरली.

निघताना आजींनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. आधी भाचीवरून, मग ताईच्या आग्रहाने फाइलीवरून. बाहेर पाऊस, लावणी उरकत आलेली, समोरून मुंबईच्या बाजूला टेम्पोतून प्लास्टिक पांघरलेले गणपती चाललेले. ते नीट भरलेले आहेत की नाही हे भावोजी काचेतून वळून वळून बघत होते. खिंडीपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

हॉस्टेलवर पोचलो तेव्हा आवारात महाराष्ट्राचं प्रदर्शन मांडलेलं होतं. सोलापूरकडच्या एका आजोबांच्या हातात कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगाचटणी. खानदेशातल्या एका काकूंकडे कळण्याचं पीठ. कुणाच्या पिशवीतून ठेच्याचा वास, कुणाच्या डब्यातून तिळाच्या लाडवांचा. भावोजींसारखेच आठ-दहा बाप कुलपं ओढून बघत होते. आम्हाला इतके दिवस वाटत होतं की आगोट कोकणातच भरतात. आणि बादल्या सगळ्यांच्या निळ्या. कुठल्याही जिल्ह्यातून निघा, पोरगी शिकायला चालली की दुकानदार निळीच बादली काढतो.

खोलीत तीन पलंग, तीन कपाटं. कपाट उघडल्यावर भाचीने जो निकाल दिला त्यावर अपील नव्हतं. तांदूळ परत, मेणबत्त्या परत, दुसरी टॉर्च परत, तहसीलचं कुलूप परत, काढा परत. इको जवळजवळ भरलेलीच परत निघाली. खोलीतली एक मुलगी लातूरची, एक जळगावची. दोघींच्या आयांनी ताईच्या डब्यांकडे आणि ताईने त्यांच्या डब्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात सगळी ओळख होऊन गेली.

घरी आल्यावर आजींनी परतलेलं सामान एकेक करून उतरवून घेतलं. त्यांची चौकशी पद्धतशीर होती. मेणबत्त्या आल्या, म्हणजे तिकडे वीज आहे. कुलूप आलं, म्हणजे चोर नाहीत. तांदूळ हातात घेऊन त्या थोड्या थांबल्या, पण बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, “सुकटीचा डबा?” तो आला नव्हता. आजींनी सुनेकडे असं पाहिलं की एवढ्या वर्षांतले दहा-बारा वाद एकदम निकाली निघाले.

त्यानंतर ताईचे रोज फोन. जेवलीस का, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच मागे पडला. खरा विषय डब्यांचा होता. डबे लग्नातले, तळाशी नावं घातलेली. डबा धुतलास का, झाकण घट्ट लावतेस का, कुणाला दिलास तर परत घेतलास का. गणपतीला येताना डबे घेऊन ये, हे तिला आरतीच्या तारखेपेक्षा जास्त वेळा सांगण्यात आलं.

गणपतीला भाची आली. सॅक एकच, बाणाशिवाय. डबे आणले होते. ताईने एकेक उलटा करून नाव वाचलं. सोड्यांच्या डब्याची पाळी आली तेव्हा तळाशी भावोजींच्या वडिलांचं नाव नव्हतं. भलतंच आडनाव, भलतीच तारीख आणि खाली ‘लातूर’.

“आपला तिच्याकडे गेलाय,” भाची म्हणाली. “तीपण गावी गेलीय. बदलले चुकून. नाहीतर चुकून नाही, तिला आवडला आपला, झाकण घट्ट बसतं.”

ताई कपाळावर हात मारणार होती, पण तेवढ्यात दुसरी अडचण तिच्या लक्षात आली. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. लातूरच्या डब्यात घालायचं काय? पापड, मी म्हणालो. ते तर आधीच दिलेले, ताई म्हणाली. भावोजींनी डबा हातात घेऊन हलवून पाहिला, सवयीने. आजी मखरापाशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता नातीला हाक मारली.

“बाय, ती लातूरची सोडे खाते, तं तिची आयपन खातं का?”